बाहेरून पॉवर बार, बेल्ट आणि लिफ्टिंग शूज मागवायचेत, शिपिंगचं गणित कुणी समजावेल का?

स्क्वॉट_सोमवार

नमस्कार मंडळी. तीन वर्षं झाली जिमला जातेय, आता स्क्वॉट, बेंच आणि डेडलिफ्ट हेच मनापासून करते. आमच्या जिममधला बार फार गुळगुळीत झालाय, जड सेटला पकड सुटायला लागते, आणि त्यावरच्या रिंगा (हात कुठे धरायचा त्या खुणा) पण वेटलिफ्टिंगच्या आहेत म्हणजे ९१ सेंटीमीटर अंतरावर, पॉवरलिफ्टिंगला ८१ वर लागतात, त्यामुळे बेंचला हात कुठे ठेवायचा ते रोज अंदाजाने. घरी रॅक आहे म्हणून म्हटलं आपला बारच घेऊन टाकू.

परदेशी साइटवर तीन वस्तू कार्टमध्ये टाकल्यात. २० किलोचा २९ मिलिमीटर जाडीचा पॉवर बार, १३ मिलिमीटर जाडीचा लिव्हर बेल्ट (खटक्याने बंद होणारा कमरपट्टा) आणि उंच टाचेचे शूज. बेल्ट आणि शूजचं शिपिंग ठीक वाटतंय पण बार टाकला की आकडा जवळपास बारच्या किमतीएवढा होतो. वर बारीक अक्षरात डीएपी लिहिलंय, डीडीपी हवं असेल तर वेगळा चार्ज. याचा अर्थ काय, आणि बार जहाजाने मागवला तर स्वस्त पडेल का? बरेच महिने पैसे साठवलेत, चुकीच्या ठिकाणी घालवायचे नाहीयेत.

कार्गो_काका

ताई, मी फ्रेट फॉरवर्डिंगमध्येच आहे, म्हणजे लोकांचा माल परदेशातून आणायचं-पाठवायचं काम, सांगतो. कुरिअरवाले दोन वजनं काढतात, एक काट्यावरचं आणि एक आकारमानाचं, आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतात. आकारमानाचं म्हणजे खोक्याची लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये आणि भागिले ५०००, साधारण सगळे हेच वापरतात. तुमच्या बारचं खोकं २२५ बाय १० बाय १० धरलं तर साडेचार किलोच येतं, म्हणजे तिथे काट्यावरचं वजनच लागणार. खरा दणका लांबीचा आहे. सव्वादोन मीटरचं खोकं सॉर्टिंगच्या पट्ट्यावर वळत नाही, माणसाने उचलून बाजूला न्यावं लागतं, त्याचा ओव्हरसाइझ सरचार्ज. उलट फोम रोलर बघा, ९० बाय १५ बाय १५ म्हणजे चार किलोचे पैसे, काट्यावर तो किलोभर पण नसतो.

डीएपी म्हणजे माल दारापर्यंत आणणार पण आयात ड्युटी आणि टॅक्स तुम्ही भरायचा, आणि कुरिअर कंपनी तुमच्या वतीने भरते त्याची हाताळणी फी वेगळी. डीडीपीत ते सगळं विकणाऱ्याकडे. एक बार पहिल्यांदाच मागवत असाल तर मी डीडीपीच सांगेन, आकडा आधी कळतो. आणि अजून एक, बऱ्याच देशांत ड्युटी नुसत्या वस्तूच्या किमतीवर नसते, वस्तू अधिक विमा अधिक भाडं या बेरजेवर असते, म्हणजे भाडं वाढलं की ड्युटी पण वाढली, आणि त्या सगळ्यावर परत टॅक्स.

इनव्हॉइसवर एचएस कोड बघून घ्या, म्हणजे कस्टम्ससाठी मालाचा प्रकार सांगणारा नंबर. व्यायामाच्या सामानाचा ९५०६.९१, पहिले सहा आकडे जगभर तेच असतात. शूज ६४ व्या चॅप्टरमध्ये जातात, त्यांचा दर वेगळा असू शकतो. नुसतं 'फिटनेस आयटम' असं मोघम लिहिलेलं खोकं कस्टम्समध्ये अडकलेलं मी खूपदा बघितलंय. आणि विकणारा म्हणाला की किंमत कमी दाखवू का तर अजिबात हो म्हणू नका. तो गुन्हा तर आहेच, पण माल फुटला तर विमा पण तेवढ्याच किमतीचा मिळतो.

लोखंड_आणि_घाम

जहाजाबद्दल मी सांगते, माझी छोटी जिम आहे, आम्ही रॅक, सहा बार आणि बंपर प्लेट्स एलसीएलने आणल्या होत्या म्हणजे दुसऱ्यांच्या मालाबरोबर एका कंटेनरमध्ये. तिथे पैसे घनमीटरवर किंवा टनावर, जे जास्त होईल त्यावर. एक बार म्हणजे घनमीटरचा जेमतेम पन्नासावा भाग पण बहुतेक ठिकाणी किमान एक घनमीटरचे पैसे घेतातच, आणि बंदरावरचे चार्जेस, कागदपत्रांची फी, क्लिअरिंग म्हणजे कस्टम्समधून माल सोडवणं हे सगळं एका बारला पण तेच आणि सहा बारला पण जवळपास तेच. त्यामुळे एकटीसाठी जहाज नको, चार-पाच जणींनी मिळून मागवलं तर बघा.

आता आमचं काय झालं ते. पाच बार लाकडी क्रेटमध्ये होते, ते नीट आले. सहावा पुठ्ठ्याच्या नळीत वेगळा आला. नळीचं एक तोंड फाटलेलं, टेप लोंबतेय, आतून बारचं टोक वीतभर बाहेर, टोकावरची टोपी गायब आणि स्लीव्हच्या (प्लेट्स अडकवायचा टोकाचा भाग) कडेला खोल खोच पडलेली. वीस किलोचं लोखंड नळीत पुढेमागे घसरतं आणि प्रत्येक धक्क्याला टोकावर आदळतं. माझ्या भावाने घाईत 'माल नीट मिळाला' वर सही केली आणि मग विकणारा काही ऐकेना. तुम्ही काहीही मागवा, सही करायच्या आधी पावतीवर नुकसान लिहा, डिलिव्हरीवाल्यासमोरच फोटो काढा. विकणाऱ्याला आधीच विचारा की टोकांना जाड पुठ्ठा किंवा लाकडाचा ठोकळा घालता का.

बेअर स्टीलचा, म्हणजे वर कसलाही मुलामा नसलेला बार जहाजाने नकोच. कंटेनरमध्ये रात्री गार झालं की छताला दव धरतं आणि मालावर टपकतं, आमच्या दोन बारांच्या नर्लिंगमध्ये (पकडीसाठी कोरलेल्या खरखरीत रेघा) नारिंगी गंज बसला होता, नायलॉनचा ब्रश आणि तेल घेऊन अख्खी दुपार गेली. हार्ड क्रोम किंवा स्टेनलेस घ्या. लाकडी क्रेट असेल तर त्यावर आयएसपीएम १५ चा शिक्का बघा, गव्हाच्या लोंबीचं चित्र असतं, लाकडातली कीड मारायला ते तापवून किंवा धुरी देऊन घेतल्याची खूण आहे ती, नसेल तर माल अडवतात.

कार्गो_काका

ताईंनी सांगितलं ते अगदी बरोबर. फक्त जहाजाने आणलंत तर विमा नक्की काढा. २०२१ च्या मार्चमध्ये एव्हर गिव्हन सुएझ कालव्यात सहा दिवस अडकलं, नंतर जहाजमालकाने जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर केलं, म्हणजे जहाज सोडवायच्या खर्चात सगळ्या मालवाल्यांचा वाटा. ज्यांच्या खोक्याला ओरखडा पण नव्हता त्यांना पण हमी द्यावी लागली. विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते.

चौथा_सेट

मी जरा वेगळं सांगतो, राग मानू नका. बार घ्यायच्या आधी जिममधला बार एकदा साफ करून बघा. बऱ्याचदा नर्लिंग झिजलेलं नसतं, खडू आणि हाताची कातडी त्यात घट्ट बसलेली असते. कडक नायलॉन ब्रशने कोरडंच घासा, पांढरी भुकटी पडेल, मग थोडं तेल आणि कापडाने पुसून काढा. आमच्या इथे दोन वर्षं सगळे ज्या बारला नावं ठेवत होते तो असा घासल्यावर हाताला परत टोचायला लागला. आणि रिंगांचं म्हणाल तर ९१ मधून ८१ गेले दहा, म्हणजे दोन्ही बाजूंनी रिंगेपासून पाच सेंटीमीटर आत पातळ टेपची पट्टी मारा, झाली तुमची खूण.

बेल्ट आणि शूज मात्र बिनधास्त मागवा, पण माप नीट घ्या कारण परदेशात परत पाठवायचा खर्च आपल्याच अंगावर येतो. बेल्टचं माप पॅंटच्या कंबरेचं नाही, बेंबीच्या पातळीवर, पोट आत न ओढता, व्यायामाच्या कपड्यावरून. लिव्हर बेल्टला भोकांचं बंधन असतं म्हणून माप मधल्या भोकावर बसेल असा साइझ घ्या. मॅचला उतरायचं असेल तर १३ मिलिमीटर जाडी आणि १० सेंटीमीटर रुंदी, त्याच्या वर आयपीएफ (आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग फेडरेशन) घेत नाही. पायाचं माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडा सुजतो. टाच भिंतीला टेकवून कागदावर उभ्या राहा, पूर्ण वजन टाकून, सगळ्यात लांब बोटापर्यंत सेंटीमीटर मोजा, दोन्ही पायांचं. यूके, यूएस, युरोपियन नंबरांच्या भानगडीत पडू नका, सेंटीमीटरवरूनच साइझ निवडा.

स्क्वॉट_सोमवार

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. आज जिममध्ये ब्रश नेला, ट्रेनरला विचारून बार घासला. चौथा सेट दादा, तुमचं निम्मं खरं निघालं. बाजूचं नर्लिंग मोकळं झालं, डेडलिफ्टला आज पकड एकदाही सुटली नाही, पण मधलं खरंच झिजलंय, स्क्वॉटला पाठीवर अजून सरकतोच. टेप मारली, बेंचला पहिल्यांदा दोन्ही हात सारखे वाटले.

त्यामुळे बार कार्टमधून काढला. बेल्ट आणि शूज डीडीपीने मागवतेय, संध्याकाळी पाय मोजते. आणि जिममधल्या तिघींना विचारलं, त्यांना पण प्लेट्स आणि बार हवेत, मिळून जहाजाने आणायचं म्हणतोय. काका, यादी झाली की घनमीटर काढून इथे टाकते, एकदा नजर घालाल का?

कार्गो_काका

टाका की. फक्त मापं विकणाऱ्याकडून मागवा, पॅक केलेल्या खोक्याची, नुसत्या वस्तूची नको. आणि चौघींचं मिळून इनव्हॉइस एकाच नावावर करा, चार वेगळी केलीत तर क्लिअरिंग चारदा लागेल.