मदत हवी आहे: डिस्पोजलच्या जीपमध्ये मूळ जातीचं पेट्रोल इंजिन परत बसवावं का?

द्राक्षमळा:

नमस्कार मंडळी,

निफाडजवळ आमच्या मळ्यात एक जुनी मिलिटरी जीप आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या गाड्या डिस्पोजलमध्ये निघाल्या, त्यातली ही. आजोबांनी ती देवळालीहून आणली असं घरात सगळे सांगतात. त्या व्यवहाराचा कागद आता राहिलेला नाही, आरसी बुक मात्र आहे. गाडी बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती. आता ती मनापासून नीट करायला घेतली आहे. घाई अजिबात नाही, पण जे होईल ते त्या गाडीला शोभेल असंच व्हावं.

आरसीवर ‘विलीज’ लिहिलंय, पण गाडी फोर्डची आहे याची माझी खात्री झाली आहे. चासीचा अगदी पुढचा, रेडिएटरखालचा आडवा क्रॉस मेंबर उलट्या यू आकाराचा आहे. विलीजच्या ‘एमबी’ मॉडेलला तिथे गोल पाइप असतो. डाव्या चासीची वरची बाजू तारेच्या ब्रशने घासली तेव्हा ‘जीपीडब्ल्यू’ ही फोर्डच्या मॉडेलची अक्षरं आणि पुढचा नंबर स्पष्ट दिसला. जुन्या बोल्टांच्या डोक्यांवर फोर्डचा ‘एफ’ आहे. युद्धकाळात एकाच नमुन्यावर विलीजने सुमारे ३ लाख ६० हजार आणि फोर्डने सुमारे २ लाख ७७ हजार जीपा बांधल्या. आपल्याकडे मात्र सरसकट सगळ्यांना विलीजच म्हणतात, त्यामुळे आरसीवरही तेच आलं असावं.

बॉडीही बहुतेक मूळचीच आहे. मागे फाळका नाही, टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे, डाव्या अंगाला कुऱ्हाड-फावडं अडकवायच्या खाचा आहेत. ग्रिलला नऊ फटी आहेत आणि हेडलाइट ग्रिलच्या आत बसलेत. ते बिजागरीवर उलटे फिरवले की बॉनेट उघडून इंजिनावर उजेड पाडता येतो. रात्री रस्त्यात गाडी बंद पडली तर दुरुस्ती करणाऱ्याचा विचार ज्यांनी इतक्या आधी केला, त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. फ्लोअर मात्र पार सडलंय.

आता मुख्य अडचण. ऐंशीच्या दशकात अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, पेट्रोल इंजिन काढून महिंद्राचं प्युजो जातीचं डिझेल बसवलं. गिअर बॉक्सही तेव्हाच बदलला. आरसीवर इंधन डिझेल अशी नोंद आहे. मूळ इंजिन भंगारात गेलं. नव्या इंजिनाला जागा करताना मिस्त्रींनी चासीवरची जुनी फाउंडेशन, म्हणजे इंजिन बसायचे आधार, गॅसने कापली. त्या डिझेलवर आमच्या बागेची औषधं, क्रेट, माणसं सगळं वाहिलं गेलं. अण्णांचं म्हणणं, ‘चालतंय ते इंजिन काढू नकोस.’ मला वाटतं, ज्या जातीच्या इंजिनावर ही गाडी युद्धात गेली त्याच जातीचं तिच्यात असावं. नाशिकच्या एका भंगारवाल्याकडे एल-१३४, म्हणजे या जीपच्या मूळ जातीचं ‘गो डेव्हिल’ इंजिन पाहिलं आहे. हेड काढलेलं होतं आणि एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपासून बोअरकडे (पिस्टन सरकतो त्या नळीकडे) जाणारी बारीक रेघ दिसली. घ्यावं का?

आणखी एक. फोर व्हील टाकली की गाडी अडखळते, पुढची चाकं ओढल्यासारखी होतात. डांबरी रस्त्यावर हे होणारच, पण पावसाळ्यात चिखलातही हाच त्रास होता. रंगाबद्दलही सल्ला हवा आहे. माहितीतले सगळे म्हणतात हिरवा मार आणि बॉनेटवर अमेरिकन लष्कराचा पांढरा तारा काढ. मला ते उगाचच करायचं नाही.

*

निवृत्त_ईएमई:

छान गाडी आहे, आणि ओळखही बरोबर केलीत. नोकरीची बरीच वर्षं खडकीला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये गेली, त्यात या इंजिनावर हात बसला, म्हणून लिहितो.

ती रेघ म्हणजे बहुधा क्रॅकच. या ब्लॉकमध्ये व्हॉल्व्ह सीट आणि बोअर यांच्यामध्ये धातू कमी आहे, तापून पाणी संपलेलं इंजिन तिथेच फुटतं. आधी ब्लॉक धुऊन घ्या, मग क्रॅक शोधायचा लाल डाय आणि पांढरं डेव्हलपर मारून बघा. रेघ कुठे सुरू होते, कुठे संपते ते स्वच्छ कळेल. नंतर पाण्याच्या जाकिटाला प्रेशर टेस्ट. नुसती सीटपाशी असेल तर स्टिचिंग करून (क्रॅक धातूच्या पिनांनी शिवून), बोअरला नवी स्लीव्ह टाकून ब्लॉक वाचतो. पाण्यापर्यंत गेली असेल तर दुसरा ब्लॉक शोधा. भंगारवाल्याला टेस्ट होईपर्यंत फक्त विसार द्या.

इंजिन साधं आहे, म्हणून घाबरू नका. साइड व्हॉल्व्ह, चार सिलिंडर, २१९९ सीसी, ६० अश्वशक्ती. कॉम्प्रेशन ६.४८ ला १, त्यामुळे साधं पेट्रोल चालतं. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. टॅपेटची फट थंड इंजिनावर १४ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), इनलेटला आणि एक्झॉस्टलाही. मात्र हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुना रबरी डायाफ्राम टिकत नाही. पंपाचं आणि कार्बोरेटरचं किट इथेनॉल सोसणारं आहे का ते विचारूनच घ्या.

पाने इंची लागतील. मिलिमीटरचा पाना ‘जवळपास बसतो’ म्हणून लावला की बोल्टाचं डोकं गोल होतं, आणि तो एफचा बोल्ट पुन्हा मिळत नाही. चार सूत, साडेचार सूत, पाच सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) असा चांगला सेट घेऊन ठेवा.

अमेरिकन लष्कराचं टीएम ९-८०३ हे पुस्तक याच गाडीचं आहे. ते मिळवा. त्यातली चित्रं बघून कुठलाही मिस्त्री काम करू शकेल.

*

घाटमाथा:

माझं मत वेगळं आहे. गाडी युद्धात जितकी वर्षं होती त्याच्या कितीतरी पट जास्त वर्षं ती तुमच्या मळ्यात आहे. अण्णांनी डिझेल बसवलं नसतं तर पेट्रोलच्या भावात ती तेव्हाच उभी राहिली असती आणि पुढे कापून विकली गेली असती. माझ्या ओळखीतल्या ज्या जीपा आज शिल्लक आहेत, त्यातल्या बहुतेक डिझेलमुळेच शिल्लक आहेत. फ्लोअर करा, ब्रेक करा, वायरिंग करा आणि इंजिन आहे तेच राहू द्या.

फ्लोअरबद्दल: खालच्या बाजूला टोपीच्या आकाराच्या ज्या पत्र्याच्या पट्ट्या आहेत त्यांच्या आत लाकूड असतं. ते पाणी धरून ठेवतं आणि पत्रा आतून सडतो. वरून नवा पत्रा डकवू नका, पट्ट्या उघडून लाकूड काढाच. आणि बॉडी चासीवर बोल्टने घट्ट बसलेली असतानाच आडवे आधार मारून घ्या, मग फ्लोअर कापा. नाहीतर टब, म्हणजे बॉडीचा सांगाडा, पसरतो आणि पुन्हा बोल्टांच्या भोकांवर येत नाही.

*

कागदी_घोडा:

इंजिन घेण्याआधी कागदांकडे बघा अशी कळकळीची विनंती. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरबदलांबद्दल आहे. डिझेलवरून पेट्रोलवर जाणं म्हणजे इंधन आणि इंजिन नंबर दोन्ही बदलणं. आधी आरटीओकडे अर्ज करून मंजुरी घ्या, मग इंजिन उतरवा. नवीन इंजिनाचं बिल नंबरासकट हवं. भंगारवाला कच्च्या चिठ्ठीवर देत असेल तर ते इंजिन कितीही चांगलं असो, घेऊ नका.

दुसरा मार्ग २०२१ च्या व्हिंटेज नियमांचा. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी त्यात बसते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल झालेले चालत नाहीत. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढची नोंदणी ५,००० रुपये. नंबरात ‘व्हीए’ येतं. पण अशी गाडी प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला नाही. म्हणजे प्रश्न असा आहे की तुम्हाला तिला मळ्यातून गावात न्यायचं आहे का? न्यायचं असेल तर सध्याची आरसी जपा. आणि आरसीवरचा चासी नंबर प्रत्यक्ष नंबराशी जुळतो का हे आजच बघा. तिथे फरक असेल तर बाकी सगळं थांबवून आधी ते निस्तरा.

*

निवृत्त_ईएमई:

फोर व्हीलचं राहिलं होतं. मला शंका आहे की पुढचा आणि मागचा एक्सल वेगळ्या गाड्यांचे आहेत. युद्धातल्या जीपच्या एक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे फेरे) ४.८८, नंतरच्या सीजे या नागरी जीपांचा ५.३८. आपल्याकडे मोडलेल्या एक्सलच्या जागी मिळेल तो बसवायचे. तपासणं सोपं आहे. टू व्हीलवर, गिअर न्यूट्रल. एक चाक जमिनीवर ठेवा, दुसरं जॅकवर उचला, बाकीच्या चाकांना ओट लावा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्ट किती फेरे फिरला ते खडूची खूण करून मोजा. पाचाला जरा कमी भरले तर ४.८८. पाच फेरे होऊन वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त भरलं तर ५.३८. पुढे मागे दोन्हीकडे करा.

रंगाचं म्हणाल तर गाडीलाच विचारा. बॉनेटची बाजू ६०० नंबरच्या वॉटर पेपरने, भरपूर पाणी लावून, एकेक थर उतरवत घासा. अमेरिकन लष्करातल्या जीपचा तिथला नंबर २० ने सुरू होतो. ब्रिटिशांकडे आलेल्या जीपांना ‘एम’ ने सुरू होणारा नंबर असे. जे निघेल त्यावरून रंग आणि खुणा ठरवा.

*

द्राक्षमळा:

ईएमई काका, मनापासून आभार. मागचा एक्सल ४.८८ आणि पुढचा ५.३८ निघाला! इतकी वर्षं आम्ही ट्रान्स्फर केसला (पुढच्या-मागच्या एक्सलना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीला) दोष देत होतो. पुढच्या हाऊसिंगवर एकही एफ नाही हे आता लक्षात आलं.

बॉनेटच्या उजव्या बाजूला तीन रंगांखाली पांढरा ‘एम’ आणि पुढचे काही आकडे लागले. म्हणजे तारा काढायचा नाही. तेवढा भाग तसाच ठेवून भोवती सर्वांत खालच्या थराशी जुळणारा रंग मारायचा विचार आहे.

आरसीवरचा चासी नंबर जुळला. अण्णांशी बसून बोललो. गाडी गावात फिरली पाहिजे यावर दोघांचं एकमत आहे, म्हणून व्हिंटेज नोंदणी नको. डिझेल सध्या राहील. एल-१३४ ची टेस्ट करून घेतोय. ब्लॉक चांगला निघाला आणि पक्कं बिल मिळालं तर घेऊन सावकाश बांधतो, आरटीओची मंजुरी आली तरच बसवतो. चासीवरची कापलेली फाउंडेशन फ्लोअर उघडं असतानाच मूळ मापाने करून घेणार आहे, म्हणजे पुढे पुन्हा गॅस लावावा लागणार नाही. घाटमाथा, तुमचं म्हणणं अण्णांना वाचून दाखवलं, त्यांना फार आवडलं.

आता पुढच्या एक्सलचं काय करू? अख्खा शोधू की आतलं बदलू?

*

निवृत्त_ईएमई:

अख्ख्या एक्सलच्या मागे लागू नका. युद्धातल्या जीपचा आणि सीजेचा, दोन्ही पुढचे एक्सल डाना २५ जातीचेच आहेत, ४.८८ चा क्राऊन-पिनियन (एक्सलमधल्या मोठ्या-लहान दातेरी चाकांचा) जोड मिळवून याच हाऊसिंगमध्ये बसवता येईल. जोड एकत्रच घ्या, एकीकडचा क्राऊन आणि दुसरीकडचा पिनियन असा नको. बेअरिंग नवी टाका, शिम (पातळ चकत्या) लावून बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) बघा आणि दातांना निळा रंग लावून ठसा कुठे पडतो ते मिस्त्रींकडून तपासून घ्या. ठसा दाताच्या मधोमध आला पाहिजे. तोवर पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून ठेवा. मळ्यात कुणी चुकून फोर व्हीलचा दांडा ओढला तरी ट्रान्स्फर केसचे दात वाचतील.