एमआरआयमधलं ‘चुंबकीय मापन’: बिलाला फोडणी की कामाची गोष्ट?

होटगीरोडकर: काल आपल्या सोलापूरच्या ग्रुपवर एकाने ठोकून दिलं, ‘एसडब्ल्यूआय, क्यूएसएम म्हणजे बिलाला फोडणी. साध्या एमआरआयमध्ये दिसतं तेवढं पुरे.’ (एसडब्ल्यूआय म्हणजे लोह, चुना अशा गोष्टींनी चुंबकक्षेत्रात पडणारा फरक दाखवणारी एमआरआयची पद्धत; क्यूएसएम त्याच फरकावरून आकडा काढते.) खाली नुसते अंगठे. मला राहवेना. वडिलांच्या मेंदूत काळा ठिपका निघाला, रिपोर्टात ‘जुना रक्तस्राव?’. ते प्रश्नचिन्ह घरात कुणी वाचलंच नाही. रक्त पातळ करायची गोळी बंद, आठ दिवस आई देवापुढे. दुसऱ्या डॉक्टरांनी एसडब्ल्यूआयचं फेज चित्र, म्हणजे त्याच तपासणीतलं चुंबकक्षेत्रातले बारीक फरक दाखवणारं चित्र, उघडलं तेव्हा कळलं, जंताची जुनी गाठ, वाळून चुना झालेली. साध्या काळ्या-पांढऱ्यात लोह नि चुना दोन्ही काळेच. फेजमध्ये मात्र एकमेकांच्या उलट, कारण लोह पॅरामॅग्नेटिक, म्हणजे चुंबकाकडे ओढलं जाणारं; चुना डायमॅग्नेटिक, म्हणजे किंचित लांब सरणारा. ही फोडणी?

कडकभाकरी: चुनाच बघायचा होता तर सीटी काढायचा. दोन मिनिटांत पांढरा चमकला असता, तोही कमी पैशात. आणि फेजचं चिन्ह कंपनीगणिक उलटं असतं ते सांगितलं नाहीत. एका मशीनवर रक्त पांढरं, दुसऱ्यावर काळं!

होटगीरोडकर: म्हणून त्याच चित्रातल्या शिरा बघायच्या. शिरेतल्या रक्ताने ऑक्सिजन सोडलेला, म्हणजे ते पॅरामॅग्नेटिक. ठिपका शिरेच्या रंगाचा तर रक्त, उलटा तर चुना. पॉलिंग आणि कोरिएल या रसायनशास्त्रज्ञांनी हिमोग्लोबिनचा हा गुण १९३६ सालीच मोजलाय. सीटीचं मात्र खरं, आधी तोच काढायला हवा होता. झालं समाधान?

गड्डावाला: म्हणजे रक्तातलं लोह चुंबक ओढतं. मग आमच्या आईचा चुंबकाचा पट्टा बरोबरच की वो! गड्ड्याच्या जत्रेत साडेचारशेला घेतला. गुडघा निम्मा उतरला.

कडकभाकरी: झालं, आता पट्टा! दीड टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनमध्ये अख्खा माणूस सरकवतात, रक्त एका बाजूला गोळा होतं का? ऑक्सिजनवालं रक्त तर डायमॅग्नेटिक, चुंबकापासून किंचित लांबच सरतं. आईला लुटलं तुमच्या.

गड्डावाला: आईवर यायचं नाही. गुडघा तुमचा आहे का तिचा? आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, घागरी तिनेच भरायच्या. त्यावर लिहा की जरा, टेस्ला-बिस्ला राहू द्या.

होटगीरोडकर: घागरी भरूनच गुडघा गेला असेल ओ. पट्ट्याने नव्हे, त्या आठवड्यात पाणी आलं नाही म्हणून उतरला.

गड्डावाला: चेष्टा करा बे!

सात_रस्ता: तुमचं चालू द्या. माझ्या मुलीला थॅलेसेमिया, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवतो, त्यातलं लोह अंगात साठत जातं. फेरिटिन (साठलेल्या लोहाचा अंदाज देणारी रक्ततपासणी) बरं दिसत होतं म्हणून आम्ही निवांत. हृदयाचा टी-टू-स्टार (एमआरआयवरचं माप, लोह जास्त तर आकडा कमी) काढला तर १४ मिलिसेकंद. २० च्या खाली म्हणजे हृदयात लोह साठतंय, १० च्या खाली तर फार धोका. लोह काढायचं औषध त्याच आठवड्यात वाढवलं. पण त्यासाठी सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरून पुण्याला. लेकरू खिडकीशी झोपलेलं, मांडीवर फाइल. फोडणी म्हणणाऱ्याने एकदा त्या गाडीत बसावं.

कडकभाकरी: ताई, तुमच्या तपासणीला कोण नावं ठेवतंय? पण टी-टू-स्टार वेगळं, क्यूएसएम वेगळं. क्यूएसएममध्ये फेजवरून उलटं गणित मांडतात. त्यात चुंबकाच्या दिशेशी ५४.७ अंशांच्या शंकूवर माहितीच हाती लागत नाही, तिथे सॉफ्टवेअर अंदाज भरतं. अंदाजाला मोजमाप म्हणायचं?

सात_रस्ता: शंकू तुमच्याकडे ठेवा. मला १४ चे २० झालेले बघायचेत. आणि मी ताई नाही, मुलीचा बाप आहे.

कडकभाकरी: चुकलं, दादा. बरं, एसडब्ल्यूआय काढा, फेज चित्रही मागा. त्याच्यासोबत रिपोर्ट कळेल अशा मराठीत मिळाला तर मला कळवा, पेढे वाटतो. आणि गड्डावाले, तो पट्टा फ्रिजला लावा.

गड्डावाला: फ्रिजलाच आहे. पाणी कुठल्या वारी येणार त्याचा कागद त्यानेच धरलाय.