स्वटॉर: लेव्हल भराभर वाढतात, त्यात कथेचं भलं झालं की नुकसान?

जांभळी_खूण

विषय 'स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक' उर्फ स्वटॉर या ऑनलाइन गेमचा. ऑक्टोबर २०१५ मधल्या ४.० अपडेटने लेव्हलिंगचा वेग वाढवला आणि आठही क्लास-कथांना (प्रत्येक पात्रप्रकाराची स्वतंत्र कथा) जीवदान मिळालं, असं माझं ठाम मत आहे.

डिसेंबर २०११ मध्ये गेम आला तेव्हा कमाल लेव्हल ५० होती आणि प्रत्येक ग्रहाला ठरलेला पट्टा: कोरुसांट १० ते १६, टॅटूईन २४ ते २८, अल्डेरान २८ ते ३२, शेवटी कोरेलिया ४७ ते ५०. नुसत्या क्लास-मिशनच्या एक्सपीवर (लेव्हल वाढवणाऱ्या गुणांवर) पट्टा पार व्हायचा नाही. मग 'इतके डाकू मारा, तितक्या पेट्या उडवा' आलंच. एका प्रसंगात खलनायक धमकी देणार आणि पुढच्या प्रसंगापर्यंत ती कशाबद्दल होती हेच विसरायला होणार. त्यात एकाच बाजूचं दुसरं पात्र घेतलं की साइड मिशनं तीच. रिपब्लिकच्या चारही क्लासना तोच टॅरिस आणि तोच टॅटूईन.

आता नकाशावर जांभळ्या खुणेची मिशनं, म्हणजे क्लास-कथा आणि ग्रहाची मुख्य कथा, एवढी केली तरी लेव्हल पुरते. बाकीची एक्सप्लोरेशन मिशनं मुळात लपवलेलीच असतात. हवी असतील तर नकाशाच्या फिल्टरमध्ये टिक करा. आणखी काय पाहिजे?

होथचा_गारठा

साफ असहमत. वेग वाढवताना लढाईतला जीव काढून घेतला, त्याचं काय?

लेव्हल सिंक (ग्रहाच्या पट्ट्यानुसार तुमची लेव्हल घटवणारी सोय) आकडे खाली खेचतं, पण वरच्या लेव्हलला मिळालेले हल्ले तुमच्याकडेच राहतात. म्हणजे टॅटूईनवर पंचेचाळिसाव्या लेव्हलचा माणूस सगळी हत्यारं परजून उतरतो. त्यात ४.० पासून गेमने चालवलेल्या कुठल्याही साथीदाराला टँक (मार झेलणारा), हीलर (बरं करणारा), डॅमेज (मारा करणारा) यांपैकी कुठलीही भूमिका देता येते. पूर्वी बाउंटी हंटर क्लासची माको हीलर होती आणि एजंटची कॅलियो टँक. कोणाला बरोबर न्यायचं याचा विचार करावा लागे, त्यांच्या अंगावर गिअर (चिलखत वगैरे) चढवावा लागे. आता तो गिअर निव्वळ दिखाऊ. कोणालाही हीलरवर टाका आणि निवांत व्हा.

परिणाम असा की कथेच्या अंकाच्या शेवटी डार्थ कोणीतरी स्वतःच्या पराक्रमाचे पोवाडे गातो, आणि संवाद संपून चार बटणं दाबेपर्यंत आडवा पडलेला असतो. ज्याची भीतीच वाटत नाही त्याला मारायचं की सोडायचं, हा निर्णय कसला डोंबलाचा महत्त्वाचा?

सायफर_काका

दोघेही लेव्हलवर भांडताय. मला वाटतं वेगाने फक्त लेखनावरचा पडदा दूर केला.

जेडाय कॉन्सुलरचा पहिला अंक घ्या. टॅरिस, नार शडा, टॅटूईन, अल्डेरान: दर ग्रहावर एक जेडाय मास्टर गूढ आजाराने बिथरलेला, त्याला शोधा, आजार रोखणारा शील्डिंगचा विधी करा, पुढच्या ग्रहावर चला. पूर्वी मधे साइड मिशनांचा डोंगर असल्यामुळे ही पुनरावृत्ती जाणवत नसे. आता सलग खेळलं की दुसऱ्या ग्रहावरच पुढचं सगळं कळून चुकतं. शील्डिंगमुळे कॉन्सुलरची स्वतःची शक्ती क्षीण होत जाते, ही खरी उत्तम कल्पना. पण ती संवादापुरतीच. लढाईत त्याचा मागमूस नाही.

इम्पीरियल एजंटच्या पहिल्या अंकाचा सांगाडाही तोच, ग्रहागणिक दहशतवाद्यांचा एकेक गट. तरी तो कंटाळवाणा होत नाही, कारण प्रत्येक ठिकाणी तुम्ही वेगळं सोंग घेऊन घुसता.

(पुढे स्पॉइलर.) दुसऱ्या अंकात एजंटच्या मेंदूशी केलेली छेडछाड उघडकीला येते. तुम्ही विरोधाचा पर्याय निवडता आणि पात्र निमूट हुकूम पाळतं. हा धक्का बसायला प्रसंग पाठोपाठ यावे लागतात. त्यामुळे चांगल्या कथेला वेग मानवतो, कॉन्सुलरचं मात्र पितळ उघडं पडतं.

जांभळी_खूण

@सायफर_काका, +१. पण वेगालाही मर्यादा हवी. २०१४ मध्ये शॅडो ऑफ रेव्हन या विस्ताराच्या आगाऊ नोंदणीवाल्यांना आणि २०१५ मध्ये सदस्यांना क्लास-मिशनवर १२ पट एक्सपी होता. तेव्हा ग्रहाची कथा सर्रास वगळली जायची. अल्डेरानवर ऑर्गाना, थुल, उल्गो या घराण्यांचं सिंहासनावरून काय चाललंय हे ग्रहाची कथाच नीट उलगडते. ती गाळली तर क्लास-कथेतले सरदार नुसते नावापुरते उरतात.

@होथचा_गारठा, अवघड हवं असेल तर तशी सोय करता येते की.

मेकॅनिक_ड्रॉइड

सोय अशी:

साथीदार हीलरऐवजी डॅमेजवर ठेवा. त्याला भेटवस्तू देत सुटू नका, कारण इन्फ्लुअन्स (त्याची तुमच्याशी जवळीक) ५० पर्यंत चढतो आणि त्याबरोबर त्याची ताकदही. एक्सपी बूस्ट बॅगेतच राहू द्या. हिरोइक (अवघड मिशनं), फ्लॅशपॉइंट (गटाच्या मोहिमा), पीव्हीपी (खेळाडूंमधल्या लढाया) हे अंक संपल्यावर करा, लेव्हल सगळ्यात जास्त त्यांनीच फुगते. तरीही पुढे पळत असाल तर व्हाइट अक्यूट मॉड्यूल ही वस्तू वापरा, एक्सपी मिळणंच बंद होतं. प्रत्येक ग्रह संपला की जहाजावर जाऊन साथीदारांशी बोला. घाईत पहिला बळी याच संवादांचा जातो.

सगळ्यात मोठा खड्डा वेगळाच आहे. लेव्हल भरली म्हणून नाइट्स ऑफ द फॉलन एम्पायर हा पुढचा विस्तार सुरू करू नका. अपुरी क्लास-कथा तिथेच सुटते आणि जुने साथीदारही दुरावतात. क्रम असा: क्लास-कथा, इलम आणि मकेब ग्रहांच्या कथा, शॅडो ऑफ रेव्हन, झिओस्ट ग्रहाची कथा, मगच फॉलन एम्पायर. सुरू करताना इशारा येतो, पण संवाद टाळायला स्पेसबार बडवणाऱ्याला तो दिसणार कसा!

होथचा_गारठा

यादी उपयोगी आहे, पण तिनेच माझा मुद्दा सिद्ध केला. खेळाडूने स्वतःचे हात बांधून घ्यायचे आणि त्याला अवघडपणा म्हणायचं? फॉलन एम्पायरच्या प्रकरणांना स्टोरी, व्हेटरन, मास्टर असे स्तर आहेत. मग क्लास-कथेला का नाहीत?

'मोकळ्या जगात जमणार नाही' हे उत्तर इथे चालत नाही. क्लास-कथेच्या महत्त्वाच्या लढाया हिरव्या पडद्यामागच्या खासगी फेजमध्येच होतात, दुसऱ्या क्लासवाल्याला तोच पडदा लाल दिसतो. आत आपण आणि आपला साथीदार, फार तर आपला गट. तिथे स्तर निवडायला दिला तर बाहेरच्या कोणाचंही काही बिघडत नाही.

जांभळी_खूण

फेजचा मुद्दा बिनतोड. मात्र स्तर फक्त अंकाच्या शेवटच्या लढाईला द्यावा, दर हिरव्या दाराला नको. नाहीतर कॉन्सुलरच्या चार आजारी मास्टरांपायी लोक टॅरिसवरच गेम सोडतील.

सायफर_काका

टॅरिसवर तसेही सोडतात.