विषय: द्वारका–नरारा सहल, रविवारची वेळ बदलावी लागणार (आज रात्रीपर्यंत उत्तर द्या)

बेबीताई (सहल समिती)

नमस्कार मंडळी,

पत्रकात रविवारचं जे छापलंय (पहाटे मंगला आरती, नाश्ता, ११ ला बस, १ पर्यंत नरारा) ते जमणार नाही. नरारा म्हणजे जामनगरकडचा प्रवाळाचा किनारा, तिथे ओहोटीतच आत चालत जाता येतं. म्हणून आज तिथल्या वनखात्याच्या चौकीवर फोन केला होता. तिथल्या भाऊंनी पहिलाच प्रश्न विचारला, "ओहोटी किती वाजता आहे ते बघितलंत का?" दुपारी एकला पाणी चढतं असेल, आत सोडणार नाहीत. आपल्याला सकाळी साडेआठच्या आत तिथे पोचायला हवं, म्हणजे द्वारकेहून सहाला निघायचं.

बसवाल्याला उद्या सकाळी कळवायचंय. द्वारकेच्या दोन्ही रात्रींचा ॲडव्हान्स भरून झाला आहे, तो परत मिळणार नाही. ३८ नावं आली आहेत, त्यात सत्तरीच्या पुढचे नऊ जण. सहाची वेळ कोणाकोणाला चालेल ते आजच कळवा. आणि मंगला आरतीचं काय करायचं तेही सांगा.

माई (दांडिया बाजार)

बेबी, आरती सोडायची नाही. मी नाव दिलं ते द्वारकाधीशासाठी. पाण्यातले खेकडे बघायला मला नेऊ नका, मी बसमध्ये बसेन. पण पहाटेची आरती एकदाच मिळते.

शिवाय रविवारी संकष्टी आहे. उपास करणाऱ्यांना सकाळी सहाला काय देणार?

नाना (मांजलपूर)

वेळ बदलायची गरजच काय? दोन दिवस आधी नेलं असतं तर दुपारची ओहोटी मिळाली नसती का? सहल समितीनं तारीख ठरवण्याआधी कोकणातल्या कुणाला विचारायला हवं होतं. आमच्याकडे रेवदंड्याला लहान मूलसुद्धा तिथीवरून पाणी सांगतं.

बेबीताई (सहल समिती)

नाना, तारीख नाताळच्या सुट्टीवरून ठरली. बुधवारी दत्तजयंती, तो कार्यक्रम टाळून कोणी येणार नव्हतं. गुरुवारी रात्री सौराष्ट्र मेल, सोमवारी मुलांच्या शाळा. दुसरी तारीख नव्हतीच. तिथीचं गणित तुम्ही इथेच लिहा ना, सगळ्यांना कळेल.

नाना (मांजलपूर)

लिहितो. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पूर्ण. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन. दुपारी तीनला भरती, त्याआधी सव्वासहा तास ओहोटी, म्हणजे पावणेनऊ. हे मुंबई-अलिबागचं गणित. कच्छच्या आखातात पाणी आत शिरायला वेळ लागतो, म्हणून नराराला ते साधारण तासभर उशिरा धरा. चौकीवरच्या माणसानं साडेआठ सांगितलं ते बरोबर आहे. पाणी उतरत असताना आत जायचं आणि वळलं की परत फिरायचं. ओहोटीच्या वेळेला पोचून उपयोग नाही, ती गाठायला तासभर आधी पोचावं लागतं.

आणि दोन दिवस आधीचं मी म्हणालो ते मागे घेतो. आधीच्या दिवसांत ओहोटी आणखी लवकर असते, पौर्णिमेला तर सकाळी पावणेसात-सातला आली असती, डिसेंबरात जामनगरकडे तेव्हा जेमतेम उजाडलेलं असतं. दुपारची ओहोटी हवी असेल तर अष्टमी-नवमी गाठावी लागते. पण ते भांगाचं पाणी, फार उतरत नाही. प्रवाळ उघडं पडायला उधाण हवं, आणि उधाण पौर्णिमेच्या एक-दोन दिवसांनंतर सगळ्यात जास्त असतं. चतुर्थीपर्यंत त्यातलं बरंचसं टिकतं. नकळत चांगला दिवस सापडला आहे.

छोटू (वाघोडिया रोड)

सगळ्यांना नमस्कार. पत्रकाच्या वरच्या ओळीत "ऐतिहासिक बुडालेले जहाज पाहण्याची संधी" असं लिहिलंय. ते कुठल्या दिवशी आहे? माझ्या मुलानं त्यासाठीच नाव द्यायला लावलं, गॉगल आणि स्नॉर्केलपण घेऊन झालाय.

बापूकाका (रावपुरा)

छोटू, तुझ्या मुलाला आधीच सांग, जहाज दिसणार नाही. ती ओळ मी लिहिली नव्हती. मी समितीला लिहून दिलं होतं ते असं: "वीजळी ज्या किनाऱ्यावरून शेवटची गेली तो किनारा." छापताना कोणीतरी ते सोपं केलं आणि अर्थच बदलला. या सहलीची कल्पना माझी, म्हणून खुलासा मीच करतो.

बोटीचं खरं नाव वैतरणा. आपल्या त्र्यंबकच्या डोंगरातून निघणाऱ्या नदीवरून ठेवलेलं. १८८५ साली स्कॉटलंडमध्ये ग्रेंजमाउथला बांधलेली आगबोट, आत विजेचे दिवे होते, म्हणून कच्छ-काठेवाडात तिला वीजळी म्हणायचे. ८ नोव्हेंबर १८८८, गुरुवार, लाभपंचमी. गुजराती व्यापारी दिवाळीनंतर त्या दिवशी दुकानं उघडतात, तो दिवस. मांडवीहून मुंबईला निघाली (कच्छची मांडवी, आपला बडोद्याचा मांडवी दरवाजा नव्हे, परवा दोघांनी मला तेच विचारलं). द्वारकेला आणखी उतारू घेतले. पोरबंदरला वाऱ्यामुळे थांबता आलं नाही. संध्याकाळी मांगरोळजवळ दिसली, आणि त्यानंतर कोणालाच दिसली नाही. सातशेहून जास्त माणसं होती. मुंबईहून शोधायला बोटी पाठवल्या, त्यांना काहीही सापडलं नाही. चौकशीत निघालं की बोटीवर जीव वाचवायची साधनं पुरेशी नव्हती.

पोरबंदरच्या गोऱ्या साहेबानं कप्तानाला पुढे जाऊ नको म्हणून बजावलं होतं, ही गोष्ट सगळेच सांगतात. पुढच्या संशोधनात तिला आधार मिळालेला नाही, म्हणून मी ती मुलांना सांगणार नाही. तेरा वराती बोटीवर होत्या, हेही तिच्यावरच्या गुजराती लोकगीतातलं. "हाजी कासम, तुझी वीजळी" असं त्या गाण्यात म्हटलंय, त्यामुळे हाजी कासमचं नाव घरोघरी पोचलं. मेलेल्यांची नावं मात्र फारशी कोणाला ठाऊक नाहीत.

तेव्हा अवशेष नाहीत. पण द्वारका १८८८ साली गायकवाडी मुलूख होता. ओखामंडळ आपल्या बडोदे राज्याचं. तिथून चढलेले उतारू बडोद्याची रयत. म्हणून ही सहल आपल्या मंडळानं करावी असं मला वाटतं. तारू सापडो न सापडो.

माई (दांडिया बाजार)

बापू, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. माझ्या सासूबाईंचे आजोबा ओखामंडळात गायकवाडांचे कारकून होते. वीजळी बुडाली तेव्हा सासूबाईंची आई पाच-सहा वर्षांची. नंतर कित्येक महिने द्वारकेच्या बायका संध्याकाळी किनाऱ्यावर येऊन उभ्या राहायच्या असं ती सांगायची. घरातली मराठी माणसं त्यांना बोलावून चहा-पाणी द्यायची. सासूबाईंना ते गाणं गुजरातीत पाठ होतं. भांडी घासताना म्हणायच्या आणि मध्येच थांबायच्या. शेवटचं कडवं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

आरतीचं काय ठरलं?

अण्णा (कारेलीबाग)

माईंचं वाचून मला रामदास बोट आठवली. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली. आषाढ अमावास्या, बोट खच्चून भरलेली, काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेवर माणसं गेली. माझ्या आईचा धाकटा मामा त्यात होता. मुंबईतल्या गिरणीतून सुट्टी घेऊन घरी निघाला होता. तो निघालाय हे घरच्यांना माहीतच नव्हतं. बोट बुडाल्याचं कळलं तेव्हा गावातली इतरांची घरं रडत होती, यांचं घर त्यांना धीर द्यायला गेलं. चार दिवसांनी गिरणीतून पत्र आलं.

तेव्हा जहाज दिसणार की नाही यावर वाद नको. किनाऱ्यावर जाऊन उभं राहायचं, त्यासाठी पाण्याखाली काही असायला लागत नाही.

ताई (अलकापुरी, सध्या पणजी)

मी गेली अकरा वर्षं गोव्यात आहे, पण मंडळाच्या मेल वाचते. छोटूच्या मुलासाठी: बुडालेल्या जहाजाचे अवशेष अभ्यासलेले बघायचे असतील तर इकडे या. मुरगावजवळ सुंची रीफ म्हणून खडक आहे. तिथल्या सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाच्या अवशेषांत दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांना लोखंडी तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीची भांडी मिळाली. लाकूड जवळपास काही उरलं नव्हतं. गरम पाण्यात लाकूड किडे खातात, जड वस्तू तेवढ्या राहतात. द्वारकेलासुद्धा याच संस्थेच्या पाणबुड्यांनी दगडी नांगर शोधून काढले. काही नांगर तिकोनी, वर एक गोल भोक आणि खाली दोन चौकोनी. वरच्यातून दोर, खालच्यांतून लाकडी खुंट्या. म्हणजे द्वारकेच्या तळाशी जुन्या बंदराच्या खुणा आहेत, पण त्या स्नॉर्केलनं दिसण्यासारख्या नाहीत.

पुढच्या वर्षी मंडळानं गोवा ठेवावा. राहण्याची सोय मी बघेन.

नाना (मांजलपूर)

पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. मालवणचा प्रस्ताव माझा तीन वर्षांपासून पडून आहे, आधी त्याचा नंबर.

बेबीताई (सहल समिती)

नाना, ताई, गोवा-मालवण सभेत बघू. आत्ता मला फक्त रविवारचं हवंय. माईंनी आरतीचं दोनदा विचारलं, एकानंही उत्तर दिलं नाही!

वहिनी (कारेलीबाग)

बेबीताई, मला एक सुचतंय. आपण शुक्रवारी दुपारी द्वारकेला पोचतो. शनिवारी फक्त बेट द्वारका आणि ओखा, आता सुदर्शन सेतूवरून बस थेट बेटावर जाते, होडीची रांग नाही. म्हणजे शनिवारी सकाळी आपल्याला घाईच नाही. मंगला आरती शनिवारी करू या. नाश्ता करून दहाला बेटावर निघू. रविवारी सामान बसमध्ये टाकून सहाला नराराला. खोल्या बदलायच्या नाहीत, ॲडव्हान्स बुडायचा नाही. परतीची गाडी जामनगरहून आहे, नरारा तसंही वाटेतच.

ज्यांना आत चालायचं नाही त्यांनी चौकीपाशी बसावं. माई, मी तुमच्याबरोबर बसेन.

माई (दांडिया बाजार)

शनिवारी आरती मिळणार असेल तर मला सहा काय, पाचसुद्धा चालेल. नराराला मीपण आत येईन थोडी, काठी घेऊन. बापूनं लिहिल्यापासून बघावंसं वाटतंय.

नाना (मांजलपूर)

माईंनी आत येऊ नये. तिथे वाळू नाही, प्रवाळाचा खडबडीत तळ आणि चिखल आहे, घोट्याइतकं पाणी राहतं. मी गेलोय, २०११ साली. चपला, सँडल चालत नाहीत, चिखल ओढून घेतो. जुने कॅनव्हासचे बूट लेस घट्ट बांधून. अनवाणी तर अजिबात नको, प्रवाळानं कापलेलं लवकर भरत नाही. आणि जिवंत प्रवाळावर पाय द्यायचा नाही, वाटाड्याच्या मागे एका ओळीत चालायचं. १९८२ पासूनचं सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, देशातलं पहिलं. मुलांनी शिंपलासुद्धा उचलायचा नाही. फुगणारा मासा हातात घेऊन फोटो काढणारे मी बघितलेत. तो फुगतो ते भीतीनं. आपल्यातल्या कोणी तसं करू नये.

छोटू (वाघोडिया रोड)

मुलाला बापूकाकांची मेल वाचून दाखवली. तो विचारतोय, बोट सापडली का नाही अजून, शोधत का नाहीत. मला उत्तर देता आलं नाही. बापूकाका, शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही त्याच्याशी बोलाल का?

बापूकाका (रावपुरा)

बोलेन. त्याचा प्रश्न योग्य आहे. मांगरोळनंतर बोट कुठे गेली हेच माहीत नाही, म्हणजे शोधायचं कुठे ते कळायला हवं. वादळात ती किती मैल ढकलली गेली असेल याचा अंदाज कोणाला येणार! लोखंडी बोट सव्वाशेच्या वर वर्षं खाऱ्या पाण्यात म्हणजे गंजून गाळाखाली गेली असणार. त्याला नकाशा घेऊन यायला सांग, कच्छपासून मुंबईपर्यंतचा.

मला मांगरोळपर्यंत जायचं होतं. तीन दिवसांत ते बसत नाही हे मला मान्य आहे, त्याचा आग्रह सोडतो. त्याऐवजी शुक्रवारी सूर्यास्ताच्या वेळी गोमती घाटावर अर्धा तास द्या, जिथे गोमती समुद्राला मिळते तिथे. भाषण करणार नाही. माईंना येत असेल तेवढं गाणं त्यांनी म्हणावं.

माई (दांडिया बाजार)

शेवटचं कडवं येत नाही मला.

बापूकाका (रावपुरा)

येतं तेवढंच म्हणा.

बेबीताई (सहल समिती)

ठरलं. शुक्रवारी सूर्यास्ताला गोमती घाट. शनिवारी मंगला आरती, १० ला बेट द्वारका. रविवारी पहाटे ५.४५ ला सामानासह खाली, ६ ला बस. बसवाल्याला आत्ताच फोन केला. ड्रायव्हरला पहाटे उठावं लागेल म्हणून दोनशे रुपये जास्त, ते समिती देईल. पत्रकातली जहाजाची ओळ काढून बापूकाकांची मूळची ओळ घातली आहे. चूक समितीची होती.

रविवारचा नाश्ता बसमध्ये. बाकीच्यांना थेपले आणि लोणचं, उपासवाल्यांना राजगिऱ्याचे लाडू आणि केळी. लाडू कोण करणार? किमान साठ हवेत.

वहिनी (कारेलीबाग)

तीस माझे.

अण्णा (कारेलीबाग)

वहिनींनी तीस म्हटलंय, पण तिचा हात दुखतोय, वीसच धरा.

माई (दांडिया बाजार)

उरलेले चाळीस मी करते. कॅनव्हासचे बूट कुठे मिळतात? खंडेराव मार्केटकडे बघितले, पाच नंबर नाही.