‘पुरुष’ व्हायला तुम्हाला कोणी शिकवलं? अनुभव लिहा

फ्रेंच लेखिका सिमोन द बोव्हारनं १९४९ मध्ये लिहिलं की बाई जन्मत नाही, ती बाई होत जाते. वाचल्यावर वाटलं मग पुरुषाचं काय, आपणही असेच होत गेलो असणार ना. मला माझं आठवतंय. आठ वर्षांचा होतो, सायकलवरून पडलो, गुडघा फुटला, बाबा धावत आले आणि धरलं, पण मी रडायला लागलो तसे त्यांनी हात काढून घेतले. ओरडले वगैरे नाहीत, फक्त हात काढले. रडणं थांबल्यावर परत धरलं. तुम्हाला कोणी, कसं शिकवलं आणि पुढे त्याचं काय केलंत ते मोकळेपणी लिहा.

*

शिकवलं बाबांनी आणि मोडलंही त्यांच्यामुळेच. अर्धांगवायूनंतर त्यांना आंघोळ मी घालायचो. सुरुवातीला ते भिंतीकडे तोंड करून बसायचे, मीही नजर चुकवत घाईघाईत उरकायचो. एकदा शर्टाची बटणं लावताना त्यांच्या गळ्याजवळचा तीळ दिसला, चाळिसाव्या वर्षी, पहिल्यांदा, म्हणजे इतक्या जवळ मी कधी गेलोच नव्हतो. ॲरिस्टॉटल म्हणतो की न्यायाची कामं करत करतच माणूस न्यायी होतो, धैर्याची करत करत धीट. माझं तसंच झालं. प्रेम दाटून आलं म्हणून नाही घातली आंघोळ, दुसरं कोणी नव्हतं म्हणून घातली, प्रेम मागून आलं. महिन्याभरानं ते भिंतीकडे वळायचे थांबले. एक दिवस डावा हात, तेवढाच चालायचा, माझ्या ओल्या मनगटावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

*

वरचं वाचून भरून आलं, पण एक बोलू का. आईच्या आजारपणात हेच सगळं मी केलं तेव्हा त्यात कोणाला काही विशेष दिसलं नाही, मुलगीच ती, करणारच. मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगननं १९८२ मध्ये हेच दाखवलं होतं, की नीती फक्त हक्क आणि नियमांच्या फुटपट्टीनं मोजली की नात्यांतली जबाबदारी धरून विचार करणारा आवाज खालच्या पायरीचा ठरतो. भावाला कोणी बोलावलं नाही हे खरं. तो स्वतःहून आलाही नाही.

*

मी तो भाऊ आहे, म्हणजे तुमचा नाही, पण तसाच. समाजशास्त्रज्ञ रेविन कॉनेलनं १९९५ च्या पुस्तकात म्हटलंय की ‘खऱ्या पुरुषा’च्या साच्यात बसणारे थोडेच असतात, पण न बसणाऱ्यांनाही त्या व्यवस्थेचा फायदा मिळतच राहतो. शाळेत बायल्या म्हणून मार खाल्लाय मी, त्यामुळे स्वतःला कायम सोसणाऱ्यांत धरलं. आणि आईच्या औषधांच्या वेळा बहिणीला पाठ आहेत, मला आजही माहीत नाहीत. दोन्ही खरंय.

*

तत्त्वज्ञ ज्युडिथ बटलरचं १९९० चं म्हणणं, की लिंगभाव, म्हणजे आपलं बाईपण-पुरुषपण, आत कुठे दडलेला नसतो, तीच तीच कृती करत राहिल्यानं तो उभा राहतो. लोक त्याचा अर्थ कपडे बदलावेत तसं बदला असा घेतात, तसं नाहीये हो, उजळणी इतकी झालेली असते की तोंडातून जुनंच येतं. परवा मुलगा रडत आला, मी ‘अरे मुलगा ना तू’पर्यंत बोललो आणि पुढचं गिळलं. काय बोलावं सुचेना म्हणून शेजारी बसलो. हात खांद्यावर होता तो राहू दिला. बराच वेळ रडला, मग पाणी मागितलं.