आम्हीपण बँड काढला होता! (अनुभव धागा)

चौथी तार

गेल्या रविवारी माळा आवरताना गिवसन सापडली. ज्यांनी ती वाजवली नाही त्यांच्यासाठी सांगतो: नव्वदच्या दशकात घरच्यांकडे हट्ट करून मिळायची ती कलकत्त्याची स्वस्तातली गिटार. तारा फळीपासून इतक्या वर, की 'एफ' कॉर्ड धरायला गेलं की पहिल्या बोटावर खाच पडायची. आता मान वाकलीय, चार तारा उरल्यात. पाठीवर गणपतीचं एक स्टिकर आहे, ते कुणी आणि का लावलं ते काही केल्या आठवेना. धूळ झटकत खाली उतरलो तर चिरंजीव (वय वर्षे सोळा) दारातच उभे. "बाबा, आम्ही बँड काढतोय. सोसायटीच्या क्लबहाउसची किल्ली तुझ्याकडे असते ना?"

म्हणून हा धागा. शाळा-कॉलेजच्या वयात मित्रमैत्रिणींनी मिळून बँड काढलेल्यांनी लिहा. ते सहन केलेल्या आईबापांनीही लिहा. कोण किती मोठं झालं हे नको. प्रॅक्टिस कुठे करायचात, पैसे कुणी घातले, स्वतःचं पहिलं गाणं कधी झालं, कोण सोडून गेलं, हे येऊ द्या.

माझ्यापासून सुरुवात. पुणे, १९९६, अकरावी. सदाशिव पेठेत आमच्या बिल्डिंगची गच्ची, वेळ रविवारी दुपारी दोन ते चार. या वेळेत पुण्यात आवाज करणं म्हणजे काय, ते पुणेकरांना सांगायला नको. खालचे काका जिन्यात येऊन नुसते उभे राहायचे. बोलायचे काहीच नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटायची. ड्रमसेट म्हणजे मंडळाचा ताशा, एक पत्र्याचं पिंप आणि हायहॅटच्या (ड्रमसेटमधल्या झांजांच्या) जागी आईच्या दोन ताटल्या. आम्ही चौघे. प्रत्येकी चारशे रुपये काढून जुन्या बाजारातून एक अँप (गिटारचा अँप्लिफायर) घेतला होता, त्यात पावसाळ्यात आकाशवाणी लागायची. गंमत नाही, खरंच लागायची.

बारावीला 'कॉलेजची सहल' सांगून सिंहगड एक्सप्रेसने मुंबई गाठली आणि रंगभवनला आय-रॉक हा रॉक बँडांचा महोत्सव पाहिला. १९८६ पासून तो भरत होता, आणि आमच्यासाठी ती पंढरी होती. उघड्यावरचं थिएटर, शेजारी झेवियर्स कॉलेज, पलीकडे हॉस्पिटलं. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमामुळे तिथले असले कार्यक्रम बंद झाले. त्या रात्री परतीच्या गाडीत दाराशी बसून आम्ही आमचं पहिलं गाणं केलं. इंग्रजीत. प्रेमभंगावर. चौघांपैकी एकाचंही प्रेम जमलेलं नव्हतं, भंग लांबच.

त्यानंतर महिन्याभरात आमचा दुसरा गिटारवाला यायचाच बंद झाला. आम्हाला वाटलं, मेडिकलचा अभ्यास. कुणी विचारायलाही गेलं नाही. उरलेल्या तिघांनी दोन महिने रेटलं आणि मग बारावीने आम्हाला गिळलं.

मंद्रसप्तक

नाशिक, २००५. चार मुलगे आणि मी. बँडमध्ये मुलगी आली की ती गाणार, हे सगळे धरूनच चालतात. मला बेस (खालच्या सुरांची, चार तारांची गिटार) वाजवायचा होता. पहिले सहा महिने साध्या गिटारच्या वरच्या दोन तारा काढून, उरलेल्या चार ढिल्या करून त्यावर शिकले. (वरच्या म्हणजे पातळ. हा घोळ प्रत्येक नवख्याचा होतो: जी तार हाताला खाली लागते ती सुराने वरची.) मग बाबा एका शनिवारी काही न बोलता मला मुंबईला धोबी तलावला फुर्टाडोजमध्ये घेऊन गेले. दुकानात ते फक्त एकदा बोलले, "ह्याला चारच तारा? मग किंमत कमी करा की."

त्या काळी सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच: मुंबई आयआयटीचा मूड इंडिगो हा फेस्ट आणि त्यातली लाइव्हवायर ही बँडांची स्पर्धा. आम्ही तिथवर पोचलो नाही. जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या फेस्टमध्ये मात्र खूप वाजवलं, आणि प्रत्येक वेळी तेच. साउंडवाला येऊन विचारणार, "मॅडम, तुमचा माईक कुठे लावू?" मी बेसची जॅक दाखवायची. तो माझ्या मागे बघायचा, खरा वाजवणारा कुठे आहे म्हणून.

एकदा तर दहा मिनिटांच्या लाइन चेकमध्ये (प्रत्येक वाद्याचा आवाज येतोय का ते आधी बघतात, त्यात) बेसचं चॅनल सुरूच झालं नाही. तसंच वाजवायला लागलो. मला माझंच काही ऐकू येत नव्हतं, फक्त बोटांना कळत होतं. नंतर आमचा ड्रमर म्हणाला, "आज तू बरोबर वाजवलंस, मला तुझ्या उजव्या हातावरून ताल मिळत होता." आजवर इतकं चांगलं मला कुणी काही म्हटलेलं नाही.

बँड संपला तो भांडणाने नाही, कॅम्पस प्लेसमेंटने. दोघे बंगळूरला, एक हैदराबादला.

पन्हाळ्याचा पाऊस

कोल्हापूर. बँडचं नाव ठरवायला सात महिने लागले. नाव ठरलं त्याच आठवड्यात बारावीचा निकाल लागला. इति.

जुना श्रोता

मी वाजवणारा नाही, पण इथे भर घालतो. अकोल्याला असताना अलाहाबादहून निघणारं 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे रॉक संगीताचं मासिक पोस्टाने यायचं. १९९३ साली सुरू झालेलं. मुंबई-दिल्ली नव्हे, अलाहाबाद! त्यामुळे आमच्यासारख्या गावांतल्या पोरांना वाटायचं, हे आपल्यालाही जमेल.

तेव्हा बहुतेक बँड दुसऱ्यांची गाणी हुबेहूब वाजवायचे आणि लोकांनाही तेच हवं असायचं. स्वतःचं गाणं सुरू केलं की माणसं चहा प्यायला उठायची. मुंबईचा रॉक मशीन हा बँड १९८४ साली निघाला, १९८८ साली त्यांनी स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, आणि पुढे तोच इंडस क्रीड झाला. ही चार वर्षं मला फार महत्त्वाची वाटतात. आता पोरं पहिल्याच महिन्यात स्वतःचं गाणं नेटवर टाकतात. त्याचं कौतुक आहेच, पण शंभर वेळा दुसऱ्याचं वाजवून हाताला जी सवय लागते ती कुठून आणणार?

सेकंड क्लास पास

@जुना श्रोता, त्याचं उत्तर माझ्याकडे आहे, जरा लांबण लागेल.

डोंबिवली, २०१२, दहावीची सुट्टी. पाच जण, एकाच शाळेचे, त्यातले तिघे एकाच बाकावरचे. जॅमरूम (तासावर भाड्याने मिळणारी प्रॅक्टिसची खोली) ठाण्यात, चारशे रुपये तास. दोन तास घ्यायचो, त्यातली वीस मिनिटं वायरी जोडण्यात जायची. म्हणून नियम केला: गाणं जॅमरूममध्ये बसवायचं नाही, घरूनच बसवून यायचं. मग बसवायचं कुठे? गाडीत! लोकलच्या लगेजच्या डब्यात गिटारी मांडीवर घेऊन. त्याच गाडीला एक भजनी मंडळ असायचं. सुरुवातीला ते आमच्यावर वैतागायचे. एक दिवस त्यातले पखवाजवाले आजोबा म्हणाले, "पोरांनो, तुम्ही पळताय. गाडी पळतेय म्हणून तुम्ही कशाला पळता?" लय म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. नंतर कित्येक वर्षांनी क्लिकवर (कानात यंत्राची ठराविक टकटक ऐकत) रेकॉर्ड करायची वेळ आली तेव्हा आमच्या ड्रमरला जड गेलं नाही, त्याचं श्रेय त्या आजोबांचं. तर हाताची सवय आम्हाला अशी लागली.

दोन वर्षं हिंदी-इंग्रजी वाजवल्यावर मराठीकडे वळलो, तेही अभिमानाने वगैरे नाही. आमचा गाणारा इंग्रजी गाताना दुसराच कुणीतरी व्हायचा, त्याचं त्यालाच हसू यायचं. पण मराठी रॉकच्या चालीत बसवणं सोपं नाही. आपले अर्धे शब्द व्यंजनावर आपटतात: पाऊस, रात, घर, श्वास. लांब सूर धरायचा तर तो स्वरावरच धरता येतो. 'पाऊस' ओढायचा तर 'ऊ' ओढायचा आणि 'स' अगदी शेवटी सोडायचा, नाहीतर प्रेशर कुकरची शिट्टी. आमच्या एका गाण्यात ओळीच्या शेवटी 'काळोख' होता. तीन आठवडे ते धड वाजेना. शेवटी 'काळोखा' अशी हाक केली, आणि गाणं उभं राहिलं. शब्द बदललाच नाही, फक्त तोंड उघडं राहिलं.

आता पैशाचं, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. पहिल्या कार्यक्रमाला अकरा माणसं होती, त्यात सात घरची. मानधन: पाच वडापाव आणि कटिंग. पुढे मानधन मिळायला लागलं तेव्हा ठरवलं की प्रत्येक वेळी आधी पाचवा हिस्सा डब्यात (खरोखरचा डबा, बिस्किटांचा), उरलेलं पाचांत सारखं. तारा, ड्रमच्या काड्या, जॅमरूम, टेम्पो, सगळं डब्यातून. आम्ही टिकलो ते त्या डब्यामुळे असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांचे बँड मोडताना पाहिले, त्यांच्यात सुरावरून भांडण कधीच नव्हतं. 'मागच्या वेळचा टेम्पो मी दिला होता' इथून सुरू व्हायचं.

दुसरं भांडण गाण्याच्या मालकीचं. गाण्यात वेगवेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. आम्हाला हे माहीतच नव्हतं. शब्द एकाचे, चाल दोघांची, वाजवणारे पाच. पहिलं गाणं नेटवर टाकायच्या आदल्या रात्री स्टेशनबाहेर उभं राहून वहीच्या पानावर टक्के लिहिले आणि पाचांनी सह्या केल्या. ते पान अजून आहे, त्यावर चटणीचा डाग आहे. पोरांनो, आधी लिहा. मैत्री आहे म्हणूनच लिहा.

स्पॉटिफाय भारतात २०१९ साली आलं तेव्हा वाटलं, झालं आपलं काम. नाही झालं. आमचा हिशेब महिन्याला पाव किलो पेढ्यांच्या पुढे गेला नाही. २०२४ पासून तर एखादं गाणं वर्षभरात हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर त्याचे पैसेच धरत नाहीत. आमची दोन जुनी गाणी त्यात गेली. कार्यक्रमाबाहेर टेबल लावून विकलेले टी-शर्ट जास्त देतात. एका आयोजकाने आमचे पैसे बुडवले तेही सांगतो: सात महिने 'या आठवड्यात करतो' ऐकलं आणि मग फोन लागेना. तेव्हापासून अर्धे आधी, उरलेले मंचावर चढण्यापूर्वी. ओळखीचा असो वा नसो.

अकरावरून आता तीनशे-चारशे माणसं येतात. पुण्यात एकदा पहिल्या रांगेतली अनोळखी मुलगी 'काळोखा' आमच्याआधी गायला लागली आणि आमचा गायक ओळ विसरला. पाचातला एक गेला, नोकरीसाठी दुबईला. त्याच्या जागी नवा आला, तो आमच्याहून चांगला वाजवतो. पण गाडीत बसवलेली गाणी त्याला सांगावी लागतात, जुन्याला नुसतं बघितलं की कळायचं. पाचही जण अजून नोकऱ्या करतो. सोमवारी ऑफिसात कानात शिट्टी वाजत असते. (कानात बोळे घाला रे. इअरप्लग शे-दीडशे रुपयांत मिळतात. मी फार उशिरा घातले.)

लिफीकाठी

मी आईच्या बाजूने लिहिते. डब्लिन, मुलगा पंधरा वर्षांचा, बँडमध्ये तो, एक आयरिश, एक पोलिश आणि एक केरळी. घराला घर चिकटलेलं, त्यामुळे ड्रम म्हणजे शेजाऱ्यांशी युद्ध. मी नाही म्हणणारच होते. पण ज्या आयरिश शेजारीणबाईंची मला भीती होती, त्याच म्हणाल्या, "यू-टू पण असेच स्वयंपाकघरात सुरू झाले होते!"

ते खरंच आहे. यू-टू म्हणजे इथला जगप्रसिद्ध रॉक बँड. १९७६ साली त्यांच्या ड्रमरने, लॅरी मलनने, बँडसाठी मुलं हवीत अशी चिठ्ठी माउंट टेंपल शाळेच्या फलकावर लावली, पोरं त्याच्या घरच्या स्वयंपाकघरात जमली. तेव्हा तो स्वतः चौदाच वर्षांचा होता. आधी एक नाव, मग दुसरं, आणि १९७८ साली यू-टू. त्याच वर्षी सेंट पॅट्रिक डेला लिमरिकची स्पर्धा जिंकून त्यांना पाचशे पौंड मिळाले. इथली प्रत्येक आई हे पाठ म्हणून दाखवते, आणि मग आपल्या पोराला गप्प बसवू शकत नाही.

तर आता शनिवारी माझ्या स्वयंपाकघरात बँड असतो. मी फोडणी देते तेव्हा ते थांबतात, कारण सगळे खोकायला लागतात. केरळी मुलगा तेवढा खोकत नाही.

मांडवीपार

गोव्यातून. आमच्याकडे गावागावात चर्चच्या संगीतशाळा, त्यामुळे माझे मित्र दहाव्या वर्षी स्वरलिपी घडाघडा वाचायचे. मी फोंड्याच्या देवळातला हार्मोनियमवाला, कानाने वाजवणारा. बँड काढला तेव्हा ते कागद मागायचे आणि मी म्हणायचो, "कागद कसला, ऐक ना!" खर्चाला पैसे लग्नांतून यायचे. रात्री दोनपर्यंत लोकांना नाचवायचं आणि त्या पैशांत आपली गाणी रेकॉर्ड करायची. शेवटी लग्नंच इतकी वाढली की आपली गाणी राहून गेली. चार झाली होती. हार्ड डिस्क गेली तेव्हा तीन गेली.

चौथी तार

वा, काय एकेक! @सेकंड क्लास पास, डब्याचं चिरंजीवांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आम्ही यूपीआयचा ग्रुप केलाय." क्लबहाउसची किल्ली दिली आहे. रविवारी, दोन ते चार नाही, पाच ते सात.

शनिपाराजवळचा

आज प्रथमच लिहितोय, इतकी वर्षं नुसता वाचत होतो. सदाशिव पेठ, ताशा, पिंप, आकाशवाणी लागणारा अँप. चौथी तार, तू कोण ते कळलं.

मेडिकल वगैरे काही नव्हतं. त्या महिन्यात बाबांची कंपनी बंद झाली. अँपच्या दुरुस्तीला तुम्ही प्रत्येकी दीडशे काढायचं ठरवलंत, माझ्याकडे नव्हते, आणि ते सांगायची लाज वाटली. म्हणून आलो नाही. वाटलं, कुणीतरी बोलवायला येईल.

आणि ती गिवसन माझी आहे. गच्चीवर राहिली होती. पाठीवरचं गणपतीचं स्टिकर काढून बघ, खाली सिगरेटचा डाग असेल. आईला दिसू नये म्हणून लावलं होतं.

चौथी तार

काढलं. आहे.

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतोय. रविवारी पाच वाजता ये.