आईसाठी मेंदूचा पेट स्कॅन : कुणाला अनुभव आहे का? (पुणे)

नमस्कार मंडळी, आईबद्दल मदत हवी आहे, जरा लांबण लागेल.

आई ७२ वर्षांची, शाळेत गणित शिकवायची. दीडेक वर्षापासून विसरतेय, आमटीत दोनदा मीठ वगैरे, ते आम्ही वयावर ढकललं. पण गेल्या महिन्यात मंडईतून रिक्षात बसली आणि नारायण पेठेतल्या जुन्या वाड्याचा पत्ता सांगितला. तो वाडा पाडून पंचवीस वर्षं झाली, आम्ही कोथरूडला राहतो. रिक्षावाले काका भले, तिच्याच फोनवरून मला लावला. मी पोचलो तर नव्या बिल्डिंगच्या गेटशी पिशवी घट्ट धरून उभी, पिशवीत कोथिंबिरीच्या चार जुड्या.

मग न्यूरोलॉजिस्टना दाखवलं. बी१२, थायरॉइड नॉर्मल. स्मरणशक्तीच्या टेस्टमध्ये ३० पैकी २१, घड्याळ काढायला सांगितलं तर सगळे आकडे एकाच बाजूला, गणिताच्या बाईंचे! मला बघवेना. एमआरआयच्या रिपोर्टात 'वयोमानानुसार बदल' एवढंच होतं म्हणून आम्हाला हायसं वाटलेलं, पण डॉक्टरांनी स्वतः फिल्म बघून सांगितलं की हिप्पोकॅम्पस, म्हणजे नवीन आठवणी पक्क्या करणारा भाग, दोन्हीकडे वयाच्या मानाने जास्तच आकसलाय. गाठ, रक्तस्राव, पाणी साचणं असं काही नाही. (नुसत्या रिपोर्टवर जाऊ नका, फिल्म डॉक्टरांना दाखवाच.)

आता ते एफडीजी पेट स्कॅन करू म्हणतायत. यात साखरेसारखं किरणोत्सारी औषध टोचतात आणि मेंदूचा कुठला भाग साखर कमी वापरतोय ते दिसतं. अल्झायमरमध्ये मागचा आणि कानाजवळचा भाग मंदावतो, पुढचा मंदावला असेल तर दुसऱ्या प्रकारचा डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असू शकतो, ज्यात स्वभावच बदलतो. आई हल्ली फार चिडते, घालूनपाडून बोलते, म्हणून त्यांना खात्री करायचीय, कारण डोनेपेझिल, म्हणजे अल्झायमरमध्ये देतात ती गोळी, त्या दुसऱ्या प्रकारात उपयोगी पडत नाही. अमायलॉइड पेटचंही (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अमायलॉइड प्रथिन दाखवणारा स्कॅन) विचारलं, तर म्हणाले की अमायलॉइड धडधाकट म्हाताऱ्या माणसांतही सापडतं, आधी हे करू.

माझी अडचण वेगळीच आहे. आईला डायबेटिस आहे आणि उपाशीपोटी जायचंय, इंजेक्शननंतर अंधाऱ्या खोलीत न बोलता पडून राहायचंय. एमआरआयच्या आवाजानेच ती रडायला लागली होती. तुमच्या घरी कुणाचा झालाय का? शुगरच्या गोळ्यांचं काय केलंत? सोबत कुणाला थांबू देतात का? गुरुवारी सकाळची वेळ मिळालीय, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.